हवा बरी आहे

विमानात माणसं दोन, खुर्ची एकच.
म्हणजे तसली खुर्ची, जी स्फोट होऊन
माणसाला आभाळात भिरकावते आणि वाचवते.
ती बिद्दप्पाची. तो वैमानिक.
मी नॅव्हिगेटर घाटोळे, राहणार महाल, नागपूर.
माझ्यासाठी उजवीकडे एक दार होतं
आणि अंगाला बांधायची छत्री.
दार उघडलं तर,
विमान सरळ असलं तर,
वेळ असला तर.
कुठल्याशा कचेरीत कुणी हिशेब केला असणार.
मी दोष देत नाही. मीही हिशेबाचाच माणूस.

बॉम्ब टाकताना मी पुढे नाकात पालथा पडायचो,
काचेपाशी तोंड नेऊन,
लहानपणी नाग नदीच्या पुलावर पडून
पाणी पाहायचो तसा.
खाली अंधार. कागदावर लिहिलेलं : धावपट्टी, तेलसाठा.
कागदावर नसलेलंही काही असणारच तिथे.
“लेफ्ट, लेफ्ट. स्टेडी.”
मग विमान एकदम हलकं व्हायचं,
मांडीवरचं झोपलेलं मूल कुणी उचलून न्यावं तसं.
त्या हलकेपणाबद्दल कुमुदला
मी कधी सांगितलं नाही.

कुमुद तेव्हा महालात
खिडक्यांना काळा कागद चिकटवत होती.
पत्रात लिहायची, खळ उंदीर खाऊन राहिले,
धाकट्या भाऊजींनी सायकल विकली.
भीतीचा एक शब्द नाही.
फक्त ओळी उजवीकडे उतरत जायच्या,
कधी दोन अंश, कधी पाच.
वाऱ्याने विमान किती ढळतं ते काढायचं माझं काम.
मी तेवढं वाचायचो.

चौथ्या रात्री परतताना उजवं इंजिन पेटलं.
विझलं, पुन्हा पेटलं.
बिद्दप्पा म्हणाला, “दार.”
मी खांदा लावला, मग लाथा घातल्या.
“जाम आहे. तू जा.”
“गप. हेडिंग सांग.”
“टू सिक्स फाइव्ह.”
अकरा मिनिटं.
उतरल्यावर दोघंही चाकापाशी ओकलो.
त्याने रुमाल दिला मला,
आधी स्वतःचं तोंड पुसून.

निवृत्तीनंतर तो कूर्गला गेला नाही.
तिथे भावाची कॉफी होती, डोंगर, धुकं.
इथे त्रिमूर्तीनगरात दोन खोल्या घेतल्या,
माझ्या घरापासून सायकलने बारा मिनिटं.
कुमुदने विचारलं, “भाऊ, काहून जी इथं?”
तो म्हणाला, “हवा बरी आहे.”
मे महिना होता. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.
नागपूरच्या हवेला बरी म्हणणारा
मी पाहिलेला हा एकच माणूस.
आम्ही त्या रात्रीबद्दल बोललो नाही.
पत्ते खेळलो. तो लबाडी करायचा.

परवा कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात
नळी नाकातून काढून तो म्हणाला,
“घाटोळे, तेव्हा माझा हात हँडलवर होता.
दोनदा.”
“तीनदा,” मी म्हणालो.
डोक्यावरच्या हँडलकडे हात गेला की
त्याच्या मास्कची नळी ताणायची,
आणि माझ्या कानातला त्याचा श्वास बदलायचा.
तिसऱ्या वेळी तो श्वास बराच वेळ तसाच राहिला.
मग त्याने हेडिंग विचारलं.
मी नुकतंच सांगितलेलं.

“एवढी वर्षं बोलला नाहीस?”
“काय बोलणार? मी मोजून राहिलो होतो.”

तो छताकडे पाहत राहिला.
वरच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं.
“बाहेर कसं आहे?”
खिडकीबाहेर शेचाळीस अंश,
एक कुत्रं नळाखाली अंग ओलं करून बसलेलं.
“बरी आहे,” मी म्हणालो. “हवा.”
त्याने नळी परत लावली.
कूलरमधलं पाणी संपलं होतं.
मी बादली शोधायला उठलो.